खुर्चीत कोण होतं?

रविवार, ५ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं. बाबांचा खोकला उतरला हे वाचून जिवात जीव आला. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण आमच्या कामाला गुडघा लागतो कुठे? दिवसभर बसायचंच तर असतं. अध्यक्षांची तब्येत हल्ली नरमगरम असते, त्यामुळे सभागृह बरेचदा माझ्याच गळ्यात पडतं. उपाध्यक्ष म्हणजे सासूबाई गावाला गेल्यावर घर सांभाळणारी सून. घर सांभाळायचं, पण फडताळ उघडायचं नाही.

'फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहूनच कळव' असं तू बजावलं आहेस. बघ, पहिल्याच परिच्छेदात बदलला.

तर तुमच्या कार्यशाळेत मुलांना नवे पाय मिळेनासे झाले, त्याचं. 'कोणी केलं ते शोधून काढ' म्हणालीस, म्हणून मी कल्याण खात्यात चौकशी केली. तुला वाटतं तसा कोणी दुष्ट माणूस त्यात सापडला नाही. कृत्रिम पायांसाठी खात्याच्या खर्चाच्या कागदात आजवर दोन वेगळ्या ओळी असायच्या. मोठ्या माणसाचा पाय पाच वर्षांनी बदलायचा, वाढत्या मुलाचा दर वर्षी. यंदा वरून हुकूम निघाला की कागद सुटसुटीत करा. कोणा एका कारकुनाने दोन ओळींची एक केली आणि त्यात मोठ्यांचा नियम तेवढा राहिला. त्यावर त्याच्या साहेबाने सही केली, साहेबाच्या साहेबाने केली, मंत्र्यांनी केली. मंत्र्यांना मी गाठलं, तर म्हणाले, "अहो, सातशे पानं असतात. पान अन् पान वाचत बसलो तर खातं कधी चालवू?"

'मग तुम्ही सगळे तिथे कशाला बसता?' हा तुझा पुढचा प्रश्न मला इथे ऐकू येतोय. त्याचंही सांगते. दर वर्षी प्रत्येक खातं आपली मागणी घेऊन सभागृहापुढे येतं, की वर्षभरात आम्हाला एवढा खर्च करू द्या. सदस्यांनी प्रश्न विचारायचे, चुका काढायच्या, मग मत द्यायचं. पण दिवस मोजके आणि खाती ढीगभर. ज्या खात्यांवर आरडाओरडा करता येतो त्यांना वेळ मिळतो. बाकीची मागे राहतात, आणि शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. चर्चा नाही, काही नाही. 'होय' म्हणणारे 'होय' म्हणतात आणि संपतं. कल्याण खात्याची मागणी, म्हणजे तुमच्या कार्यशाळेचा खर्चही, त्या गठ्ठ्यात गेली. पद्धतच तशी आहे, आम्ही यायच्या आधीपासूनची.

वाचणारे अगदीच नाहीत असंही नाही. विरोधी बाकांवर एक दंतवैद्य बाई आहेत. सगळी सातशे पानं त्या खरंच वाचतात. आमच्याकडे त्यांना मागून 'दाढ' म्हणतात, कारण त्या उभ्या राहिल्या की सत्ताधाऱ्यांना कळा सुरू होतात. परवा त्यांनी एका मंत्र्याला भर सभागृहात सांगितलं, "मंत्रिमहोदय, आपण हसता तेव्हा डावीकडची तिसरी किडलेली दिसते, आधी ती भरा आणि मग रस्ते भरा." मी खुर्चीत होते, हसू दाबताना माझा चष्मा घसरला.

असो. चूक झाली आहे, ती कधीतरी दुरुस्त होईल. मी कानावर घालून ठेवलं आहे. तू जिवाला लावून घेऊ नकोस. बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी


शनिवार, ११ ऑगस्ट

चि. घोडं हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. बाबांनी लहानपणी तुला हे नाव उगाच दिलं नाही. सगळ्या वराती पुढे जातात आणि आमचं घोडं मागून येतं.

बाबा बरे आहेत. कानातलं यंत्र काढून ठेवतात आणि मग मी ओरडते म्हणून रुसतात. ऐंशी पूर्ण झाल्यापासून त्यांना एकच गोष्ट सांगायची असते. खालचा इस्त्रीवाला, दूधवाला, वीजमीटर बघायला येणारा, कोणी सुटत नाही. "माझ्या वाढदिवसाला पोरगी सभागृह सोडून आली. दिवेलागणीच्या आत दारात." परवा तर त्या मीटरवाल्याला त्यांनी वाढदिवसाला तू आणलेली कात्री दाखवली. जन्मभर शिंपीकाम केलेल्या हातांना आता कापड धरवत नाही, पण कात्री उशाशी असते.

आता कामाचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कारकून आहे, साहेब आहे, मंत्री आहे, पद्धत आहे. फार छान समजावून सांगितलंस. माझी एक पोरगी आहे, तिला हे कसं समजावू ते सांग.

आम्ही तिला चिमणी म्हणतो. आठ वर्षांची. डावा पाय गुडघ्याखाली नाही. गेल्या वर्षी मी स्वतः तिच्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला होता, पाय बसवला, आणि ती पहिल्याच दिवशी कार्यशाळेच्या जिन्यावरून पळत खाली गेली. वर्षात उंची ताडमाड वाढली. आता तो पाय तीन बोटं आखूड पडतो. आईने टाचेखाली जुन्या चपलेचा तळ कापून चिकटवला, तरी चालताना पोर एका अंगाला कलते. वरचा साचा आवळतो, कातडी सोलवटली आहे. बाबा आपल्या झग्यांना शिवणीत माया ठेवायचे, आपण वाढलो की उसवून सोडायचे. पायाला माया ठेवता येत नाही गं. नवाच करावा लागतो. आणि खात्याचा कागद म्हणतो की चार वर्षांनी या.

मी तिला सांगत होते की बाळा, पाय लहान झालाय, मी काहीतरी करते. तर म्हणते कशी, "पाय नाही लहान झाला, मीच मोठी झाले. चूक माझीच आहे."

आता तिने पाय कपाटात ठेवलाय आणि कुबड्या घेतल्यात. अशी यंदा आमच्याकडे बावीस मुलं आहेत.

आणखी एक. तुझी ती 'दाढ' परवा आमच्या कार्यशाळेत आली होती. न कळवता आली, दोन तास बसली. प्लास्टरमध्ये हात घालून बघितले. मला म्हणाली, ही ओळ तिने तेव्हाच पकडली होती. शेवटच्या दिवशी तिने उभं राहून बोलायला अर्धा तास मागितला आणि तो मिळाला नाही. मी विचारलं, कोणी दिला नाही? म्हणाली, खुर्चीने. मी विचारलं, खुर्चीत कोण होतं? तर हसली आणि म्हणाली, "खुर्चीबद्दल बाहेर बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. आणि खुर्चीला नाव नसतं."

तुझ्या पत्रात या बाईचे विनोद आहेत, हे नाही. राहून गेलं असेल.

मी तिला तारीख विचारली. बाबांच्या वाढदिवसाची निघाली. म्हणजे आपण इथे हसत जेवत होतो त्याच दिवसाची.

म्हणून सरळ विचारते आणि सरळ उत्तर दे. खुर्चीत कोण होतं?

बाकी, येत्या गुरुवारी मामा येतोय. बाबांना सगळे एकत्र हवे आहेत. जेवायला ये. बाबा म्हणतात, एकदा वेळेवर आली म्हणजे आता दर वेळी येईल.

तुझी,
ताई


मंगळवार, १४ ऑगस्ट

ताई,

मी होते.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं सकाळपासून तीनदा वाटलं. पण मग तू म्हणशील, पुन्हा अर्धंच सांगितलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत सभागृह निम्मं रिकामं झालं होतं. जे होते त्यांच्या पिशव्या बाकांखाली भरून तयार होत्या. माझीही होती. ताई, तुला हसू येईल, पण मी खुर्चीच्या उंच मेजाआड कामाच्या चपला काढून बाहेर जायचे सँडल आधीच चढवले होते. कात्रीचा खोका पायाशी होता. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की गाडी चालूच ठेव. या वर्षी काहीही झालं तरी वेळेवर पोचायचं, असं मी ठरवलं होतं. सगळ्या जन्मात एकदा तरी.

ठरलेली वेळ व्हायला आली आणि दाढ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अध्यक्ष महोदया, कल्याण खात्याच्या मागणीत फक्त एक ओळ आहे. अर्धा तास द्या, मी दाखवते." अध्यक्ष आजारी असोत नाहीतर परगावी, जो खुर्चीत बसतो त्याला सभागृहाची वेळ वाढवता येते. सदस्यांना नुसतं विचारायचं, वाढवू का? लोक थोडे कुरकुरतात आणि बसतात. हे मला माहीत होतं. तरी आमच्या सचिवांनी चिठ्ठीही सरकवली, 'वेळ वाढवणे शक्य आहे.' मी ती चिठ्ठी वाचली आणि उलटी ठेवली.

मग मी म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं."

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "लेखी दिलेलं कोण वाचतं, हे आपल्याला माहीत आहे." सत्ताधारी बाकांवर लोकांनी मेजं वाजवली. आणि मी घंटी वाजवली. त्या बोलत होत्या आणि मी वाजवत राहिले. एकदा 'मुलांच्या' असा शब्द कानावर आला, बाकीचं घंटीत गेलं. मग खात्यांची नावं एका दमात वाचली गेली. सतरा खाती. शेवटचं नाव वाचून होईस्तोवर माझी पिशवी माझ्या हातात होती.

गाडीत बसले तेव्हा मला काही टोचलं असेल असं तुला वाटत असेल. नाही टोचलं. मी गाणं गुणगुणत आले. तू दार उघडून ओरडलीस, "अगं बाई, घोडं वेळेवर!" बाबांनी धावत जाऊन कानातलं यंत्र लावलं. इतकं पोटभर मी किती वर्षांत जेवले नव्हते. जेवताना तूच सांगत होतीस की यंदा मुलांच्या पायांचा खर्च वाढवून मिळाला पाहिजे, मुलं वाढली आहेत. मी म्हणाले, 'मिळेल गं.' तेव्हा तो खर्च कापून मला दोन तास झाले होते. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी ते पान वाचलं नव्हतं. आणि ठाऊक असणारी एकच बाई होती, तिच्यावर मी घंटी वाजवून आले होते.

आता बाबांच्या आड लपायची सोयही काढून टाकते. वाढदिवस नसता तर मी अर्धा तास दिला असता का? मला नाही वाटत. सहा वर्षं मी हेच करते आहे. माझं तिथे नाव आहे, बाई सभागृह वेळेत आवरतात म्हणून. दोन्ही बाजूंचे लोक येऊन हात जोडतात, तुमच्यामुळे संध्याकाळची गाडी मिळाली. वेळेत आवरणं म्हणजेच नीट चालवणं, असं मला खरोखरच वाटायला लागलं होतं. घरच्या जेवणाला आम्ही दोन-दोन तास बसतो, आणि सतरा खात्यांच्या वर्षभराच्या खर्चाला मी एक दम दिला. तोही माझा नव्हे, वाचणाऱ्याचा.

आणि मागचं पत्र. त्यात मी एका कारकुनाला तुझ्यापुढे उभं केलं. त्याने दोन ओळींची एक केली हे खरं, पण अशा चुका पकडायच्या म्हणूनच तर आम्हाला तिथे पाठवतात. पकडलीही होती. दाढेचे विनोद लिहिताना मला वाटत होतं की मी हुशारीने वळसा घातला. तुझ्या चिमणीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. आठ वर्षांची पोर म्हणते, चूक माझीच. आणि मी पन्नाशी उलटलेली बाई म्हणते, पद्धतच तशी आहे.

तुझं पत्र सोमवारी आलं. त्या दिवशी दुपारी वेळ वाटणाऱ्या समितीची बैठक होती. गुरुवारी पुरवणी मागण्या येतात. म्हणजे वर्षाच्या अधेमधे खात्यांना जास्तीचा खर्च मागता येतो, चुकलेलं सुधारता येतं. सगळ्या खात्यांना मिळून दोन तास ठेवले होते. मी म्हणाले, अख्खा दिवस द्या. खोलीत हशा पिकला. आमच्या पक्षाचे प्रतोद म्हणाले, "बाई, तुम्ही? तुम्हीच तर आम्हाला वेळेवर घरी सोडता. आता काय बिनसलं?" दोन तासांचे तीनही झाले नाहीत.

खुर्चीत बसणाऱ्याला चर्चेत बोलता येत नाही. तो नुसता दुसऱ्यांना बोलू देऊ शकतो किंवा देत नाही. आणि खुर्चीने काय केलं हे सभागृहात दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. दाढेने तुलासुद्धा सांगितलं नाही, बघ ना. म्हणजे ते काढायचं तर मीच काढायला हवं, आणि त्यासाठी खाली उतरायला हवं. काल संध्याकाळी मी अध्यक्षांकडे उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ते बिचारे पांघरूण घेऊन पडले होते, म्हणाले, "औषध तुम्हालाही लागतंय का?" प्रतोदांचा फोन आला होता. पुढच्या वेळी उमेदवारी मिळेल अशी आशा ठेवू नका, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं.

मग मी दाढेकडे गेले. त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून सफरचंद खात होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ते नंतर. माझ्या वाट्याला सहा मिनिटं आली आहेत. तीन तुम्ही घ्या. रोग्याने तोंड उघडलं की निम्मं काम होतं, पुढचं मी बघते." ताई, त्या बाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. ते जास्त लागलं.

तीन मिनिटांत मला सांगायचं आहे की त्या दिवशी खुर्चीत मी होते, वेळ देता येत होता, मी दिला नाही, आणि का दिला नाही. मग चिमणीचं सांगायचं आहे. कालपासून आरशासमोर बोलून बघते आहे. दर वेळी चिमणीपर्यंत पोचायच्या आत वेळ संपतो. गुरुवारी नवा माणूस खुर्चीत असेल. तो कोवळा आहे, नव्या सुनेसारखा नियमाला चिकटून चालेल. त्याला घंटी कशी वाजवायची ते मीच शिकवलं आहे. सदस्य बोलत असला तरी थांबायचं नाही, असं.

दुरुस्ती होईल असं मी तुला लिहून देत नाही. मागच्या वेळी 'मिळेल गं' म्हणाले होते, ते पुरे. चिमणीचं माप मात्र आत्ता घेऊन ठेवू नकोस. मंजुरी आलीच तर त्या दिवशी घे. तोवर ती आणखी वाढलेली असेल. आणि तिला सांग, वाढ म्हणावं. चूक कोणाची आहे ते खुर्चीतल्या त्या बाईने स्वतः कबूल केलंय.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. यंत्र लावायला सांग आणि मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस. मी वाढदिवसाला कशी वेळेवर आले, ते त्यांना कळायला हवं. कात्री परत द्यावीशी वाटली तर घेईन. तू बोललीस तर ऐकेन, नाही बोललीस तर तेही रास्तच आहे.

मामाला नमस्कार सांग. गुरुवारी माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या. ताट झाकून ठेवू नकोस. चिमणीपर्यंत पोचल्याशिवाय मी खाली बसणार नाही, मग तो घंटी कितीही वाजवो. मला उशीर होईल.

तुझं,
घोडं